बाकीची मंडळी

घरातली प्रत्येक वस्तू मला घाबरते! ही बढाई नव्हे, अनुभव आहे. मिक्सर अडला की त्याला एक चापट, गीझर रुसला की दोन शिव्या, आणि शंकरलिंगम, म्हणजे आमचे हे, अडून बसले की माझा नुसता एक लांबलचक उसासा. तिघंही मुकाट्यानं चालू होतात. म्हणून सासरे पंधरवड्यासाठी गावी निघाले आणि दारातच घुटमळत म्हणाले, "गोमती, चिट्टूला सांभाळशील ना गं?" तेव्हा मला हसूच आलं.

"मामा, इतकी वर्षं तुमचा मुलगा सांभाळतेय! एका कोळंबीचं काय घेऊन बसलात?"

सासऱ्यांना आमच्याकडे सुना मामाच म्हणतात. मामा हसले नाहीत. त्यांनी बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"सकाळी चिमूटभर दाणे. जास्त नको. आणि बाकीची मंडळी…"

"कोण मंडळी?"

"काही नाही. घेतील आपलं सांभाळून," म्हणाले आणि शंकरनकोविलच्या आडी तपसूच्या उत्सवाला निघून गेले. आडी, म्हणजे आमच्या आषाढाच्या, अमावास्येला परत येणार होते. पितरांचा दिवस त्यांना घरीच करायचा होता.

आता ही चिट्टू कोण, ते सांगते. सासूबाई, म्हणजे आमच्या अत्तै, गेल्या आणि मामांचं बोलणंच बंद झालं. रेल्वेच्या कोच फॅक्टरीत शंभर माणसं एका हाकेत हलवणारा हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. डॉक्टर म्हणाले, विरंगुळा द्या. दुसऱ्या कुणाच्या मुलानं रेडिओ आणला असता! आमच्या ह्यांनी कोळत्तूरच्या मासेबाजारातून खाऱ्या पाण्याची टाकी आणली. त्यात खडकांची एक रास, दोन केशरी मासे आणि लाल पाठीची, लांब पांढऱ्या मिशांची एक कोळंबी. मला तर रडूच आलं. विल्लिवाक्कममध्ये सहाव्या मजल्यावर पिण्याच्या पाण्याची बोंब, आणि हे समुद्र घेऊन आले!

मामांनी सहज पाण्यात बोट घातलं. कोळंबी टुणटुण चालत आली, बोटावर चढली आणि त्यांची नखं साफ करायला लागली. मामा बघतच राहिले. त्या संध्याकाळी, कित्येक महिन्यांनी, त्यांनी आपणहून कॉफी मागितली. मी कॉफी गाळताना पदराला डोळे पुसले आणि ठरवलं, या टाकीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. बोलायला घरात दुसरं पुष्कळ होतं.

तेव्हापासून मामांचा दिवस ठरून गेला. सकाळी चिट्टूकडून नखं करून घ्यायची. दुपारी भात उतरला की पहिली मूठ तूप-वरण घालून मी त्यांच्या हातात द्यायची. ती घेऊन ते कावळ्याला ठेवायला हॉलकडे जाणार, मी अप्पळम, म्हणजे पापड, तळायला वळणार, आणि तळून व्हायच्या आत हॉलमधून हाक येणार, "शिवला गं! वाढ आता!" कावळा शिवल्याशिवाय मामा पानावर बसत नाहीत, अत्तै गेल्यापासून तर नाहीच नाही. मध्यंतरी सोसायटीनं बाल्कन्यांना कबुतरांची जाळी ठोकली, तेव्हा मला काळजी वाटली होती. पण मामांचं 'शिवला' एक दिवस चुकलं नाही. इथले कावळे इतके वक्तशीर, की गेल्या जन्मी कोच फॅक्टरीत कामाला असावेत.

तर मामा गेले. पहिले आठ-दहा दिवस बरे गेले. मग एका दुपारी मी हॉलमध्ये शेंगा निवडत बसले होते, तर टाकीतल्या खडकाच्या फटीतून एक तांबूस दोरी बाहेर आली. दोरीच्या दोन्ही अंगांना पांढरे केस! मागून दुसरी आली, तिसरी आली, आणि बघता बघता फटीफटीतून माना बाहेर! पहिली पंगत उठायची वाट बघणारे वऱ्हाडी असतात ना, तसे सगळे इकडेतिकडे बघत होते.

"अहो! टाकीत साप!"

"समुद्री साप विषारी असतात," पेपरमागून आवाज आला. "हात घालू नकोस." आणि पान उलटलं.

मी कोळत्तूरला टाकीवाल्या एळुमलैला फोन लावला.

"साप नव्हेत, अक्का. केसाळ अळ्या त्या. खडकातून येतात. खरकटं खातात, मेलेलं खातात. सफाई कामगार समजा."

"अरे पण इतक्या?"

"इतक्या म्हणजे कुणीतरी पंगती घालतंय बघा तुमच्याकडे!"

"आमच्याकडे चिमूट म्हणजे चिमूट!" मला रागच आला. माझ्या घरात मला न विचारता पंगत कोण घालणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी दाणे टाकायला गेले आणि हातातला डबाच पडला. तळाशी चिट्टू आडवी पडलेली! मिशा, पाय, पाठीवरचा पट्टा, सगळं जागच्या जागी. फक्त आत चिट्टू नाही. नुसतं पोकळ टरफल! आणि दोन अळ्या तिला दोन बाजूंनी ओढत होत्या.

"खाल्ली हो! आतून पोखरून खाल्ली!"

हे आले, चष्मा पुसून बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "अप्पांना काय सांगायचं?" मग जरा थांबून, "म्हणजे, तू काय सांगणारेस?"

मला धास्तीच बसली. कोळंबी मेली म्हणून नव्हे. मामा आले, त्यांनी पाण्यात बोट घातलं आणि कुणीच आलं नाही, तर तो माणूस पुन्हा भिंतीकडे वळून बसेल. पुन्हा कॉफी मागणार नाही. हे माझ्याच्यानं परत बघवणार नव्हतं.

झाऱ्यानं मी चिट्टूला वर काढलं, आगपेटीत ठेवलं, कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं आणि डोक्यावरून आंघोळ केली. झारा भंगारात गेला. संध्याकाळी मामांचा फोन आला.

"चिट्टू कशी आहे?"

"मजेत!"

"दाखव बघू फोनवर."

"झोपलीय."

"संध्याकाळी सहाला?"

"दमलीय, मामा. सगळेच दमलोय."

"बरं, बरं. आणि बाकीची मंडळी? जेवतात ना पोटभर?"

मला वाटलं, केशरी मासे. "त्यांना काय धाड भरलीय!" मी म्हटलं. काचेमागे एक लठ्ठ अळी मान वर करून माझ्याकडे बघत होती.

सकाळी ह्यांना घेऊन मी कोळत्तूर गाठलं.

"एळुमलै, हुबेहूब तशीच पाहिजे! उजवी मिशी जरा वाकडी होती तिची."

"अक्का, सगळ्या एका आईच्या. मिशी घरी नेऊन वाकवा."

"जरा धाकटी दिसते."

"अप्पांना सांगू, उपास करतेय," हे म्हणाले. एवढ्या सगळ्या प्रकरणात ह्यांचा हा एकच उपयोग झाला.

"पण आधी अळ्या काढा," एळुमलैनं बजावलं. "पसरट बाटली घ्या, झाकणाला भोकं पाडा, आत ताज्या कोळंबीचा तुकडा टाका आणि तळाशी आडवी ठेवा. अंधार झाला की येतील."

"कोळंबीचा तुकडा? आम्ही शैव पिळ्ळै रे बाबा! आमच्याकडे अंडंसुद्धा दारातून परत जातं!"

शेवटी आमच्या खालच्या मजल्यावरच्या जसिंता अक्काला शरण गेले. तूत्तुकुडीची बाई, जन्म समुद्रावर गेलेला. माझं सगळं ऐकून ती कट्ट्याला टेकून हसत सुटली.

"म्हणजे कोळंबीच्या खुन्यांना धरायला कोळंबीच पुढे करायची? पोलिसांत का नाही गेलीस गं तू?"

"अक्का, हसू नकोस. तुकडा दे, आणि चांगला गुंडाळून दे."

"घे. तळून देऊ? तुझ्या अळ्यांनी तरी चव बघावी."

आता अळ्या येणार अंधारात, आणि रात्री जागायचं माझं वय राहिलं नाही. म्हणून मी दुपारीच रात्र केली! टाकीवर दोन चादरी, एक सतरंजी, वर ह्यांची जुनी शाल. तासाभरानं उचलून बघितलं तर बाटली गच्च! अळ्यांचं नुसतं कडबोळं. पुन्हा बाटली, पुन्हा गच्च! मी विजयी मुद्रेनं एकेक बाटली लोणच्याच्या मोठ्या बरणीत रिकामी करत होते.

पण त्यांची थोरली काही येईना. बोटाएवढी जाड, चांगली वीतभर लांब, जांभळट रंगाची. ती खडकातून अर्धी बाहेर यायची, बाटलीतल्या कोळंबीपर्यंत जायची, तोंड फिरवायची आणि परत आत! नाक असतं तर मुरडलंच असतं. सगळं गणगोत तुटून पडलंय आणि ही बाई मांसाहाराला शिवेना!

"राहू दे तिला," हे म्हणाले.

"तीच म्होरक्या असणार!" मी पदर खोचला आणि हात सरळ पाण्यात घातला.

तिला धरली मात्र, आणि जी किंकाळी फोडली मी! काचलोकर मुठीत धरावी तशी आग झाली हाताची. शेकडो केस बोटांत! दचकून हात ओढला तो खडकाला लागला, खडक दुसऱ्या खडकावर, दुसरा तिसऱ्यावर, आणि सगळी रास धाडकन कोसळली. अर्धा समुद्र हॉलमध्ये! थोरली उघड्यावर पडली, तेवढ्यात ह्यांनी माझ्या कॉफीच्या पेल्यानं तिला उचलून बरणीत टाकलं. माझ्या, स्वतःच्या नव्हे!

दार वाजलं. जसिंता अक्का, डोक्यावर भिजलेला टॉवेल.

"गोमती! माझ्या छतातून पाणी गळतंय, आणि तेही खारट!"

"तू चाखलंस?"

"तोंडातच पडलं! झोपले होते मी!"

तिनंच मग सेलोटेप चिकटवून चिकटवून माझ्या बोटांतले केस उपटले. मी व्हिनेगरच्या वाडग्यात हात घालून कण्हत होते आणि हे पोछा मारत होते. इतक्यात अक्का म्हणाली, "ती कोण गं?"

कोसळलेल्या खडकांमागून, नवीकोरी लाल पाठ मिरवत, पहिल्यापेक्षा अंगानं भरलेली चिट्टू बाहेर आली! उजवी मिशी वाकडी.

मी ठणकणाऱ्या हातानं फोन लावला.

"कात टाकली असेल, अक्का," एळुमलै म्हणाला. "नवं अंग मऊ असतं ना, म्हणून चार दिवस लपून बसतात. तुम्हाला माहीत नव्हतं? आणि हो, विकलेली कोळंबी परत घेत नाही हं आम्ही."

"मग कढीपत्त्यात कोण आहे?" ह्यांनी विचारलं.

"तिचे जुने कपडे," मी म्हटलं. आणि त्या कपड्यांच्या नावानं मी डोक्यावरून आंघोळ केली होती!

असो. चिट्टू जिवंत होती, मी जिंकले होते, म्हणजे निदान हरले नव्हते. खडक पुन्हा रचले, कोळत्तूरहून पिशवीत आणलेल्या नवीलाही टाकीत सोडलं. अळ्या निर्दोष निघाल्या खऱ्या, पण बोटांची आग होत असताना कुणाची निर्दोष सुटका करावीशी वाटत नाही. शिवाय जीव घ्यायचा नाही, एवढं आमच्या घरात पाळलं जातं. म्हणून ठरलं, येत्या रविवारी बरणी एन्नोरला नेऊन समुद्रात सोडायची. तोवर हवेची नळी लावून ती न्हाणीघरात बादलीमागे ठेवली. मी पाठ टेकली ती दुसऱ्या दिवशीच उठले.

अमावास्येला मामा आले. स्टेशनवरून परस्पर मैलापूरच्या देवळाच्या तळ्यावर स्नान-तर्पण उरकून आले होते. चप्पल काढली आणि थेट टाकीपाशी. बोट पाण्यात गेलं. चिट्टू आली. मागून दुसरीही आली, आणि दोघी दोन नखांना लागल्या.

"ही कोण?"

"सोबतीला आणली, मामा. एकटी पडत होती बिचारी."

मामा माझ्याकडे बघत राहिले. "एकटं पडणं वाईटच," म्हणाले. मी नम्रपणे मान खाली घातली. एवढ्या सगळ्या हमालीनंतर फुकटचं थोडं श्रेय मिळत असेल तर कोण सोडतं?

स्वयंपाक झाला. कच्च्या केळ्याची भाजी, भोपळ्याचं सांबार, वडे, पायसम. भाताची पहिली मूठ घेऊन मामा उठले. आज सणाचं पान, म्हणून मीही पाण्याचा पेला घेऊन मागोमाग हॉलमध्ये गेले. मामा बाल्कनीकडे वळलेच नाहीत. त्यांनी टाकीचं झाकण उचललं आणि तुपाचा भात शीत शीत करून पाण्यात सोडला!

"मामा! अहो, कावळ्याला ना?"

"कुठला कावळा?" मामा शांतपणे म्हणाले. "त्या जाळीतून कावळा येतो का पोरी? आधी मी रोज जाळीशी उभा राहायचो. तो बिचारा चोच मारायचा आणि उडून जायचा. मग मी खोटंच 'शिवला' म्हणायचो. तुम्ही दोघं उपाशी राहाल म्हणून. एक दिवस हातून चार शितं टाकीत पडली. खडकातून एक आली, जांभळी, मोठी. शितं घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी वाटच बघत होती! पंख आहेत म्हणून कावळाच का मोठा? वेळेला जी भुकेनं येते ती आपली. मी म्हटलं, ही तुझी अत्तैच. आणि मागून येतात ती बाकीची मंडळी. माझे आईवडील, आजोबा, सगळी."

मी पेला तिथंच खाली ठेवला. तीन पिढ्या! तीन पिढ्या मी लोणच्याच्या बरणीत भरल्या होत्या! घास थांबले म्हणून ती भुकेली माणसं बाहेर डोकावत होती, आणि मी त्यांच्यापुढे कोळंबी ठेवली! आता कळलं, थोरली तिला का शिवली नाही ते. जन्मभर कांदासुद्धा न खाल्लेली बाई ती!

शितं तळाशी जाऊन बसली. चिट्टू पुढे आली, तिला मामांनी बोटानं हाकललं. खडक गप्प. सांबार निवलं. ह्यांच्या पोटात मोठ्यानं गुरगुरलं.

"अप्पा, आज असू दे…"

"असं कधीच झालं नाही," मामा म्हणाले. "आज अमावास्या, आणि आज येत नाही. तिला न सांगता गेलो ना गावी. रागावली." आणि ते खुर्ची फिरवून बसले. भिंतीकडे!

सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मामाच उठले. "प्रवासाचा विटाळ राहिला असेल. दोन तांबे अंगावर घेऊन येतो."

आणि न्हाणीघरात शिरले. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पेपर उचलून तोंडासमोर धरला.

आत तांब्या वाजला. बादली सरकल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. मग दार उघडलं, आणि मामा दोन्ही हातांत बरणी धरून उभे.

"गोमती."

"काय मामा?"

"ही मंडळी इथं कशी?"

थकलेल्या माणसाला खोटंसुद्धा धड सुचत नाही. "अमावास्या ना, मामा," मी म्हटलं. "स्नानाला."

मामांनी बरणीकडे बघितलं, माझ्या सुजलेल्या बोटांकडे बघितलं, पेपरमागे दडलेल्या मुलाकडे बघितलं. बरणी टाकीवर नेऊन हलक्या हातानं तिरकी केली. मंडळी भराभरा आपापल्या फटींत शिरली. शेवटी थोरली.

आम्ही तिघं काचेला नाकं लावून उभे. बऱ्याच वेळानं तिनं मान बाहेर काढली. शितापाशी आली. हुंगलं. तोंड फिरवून परत आत गेली!

माझ्या अंगावर काटाच आला. अत्तै थेट अश्शंच करायच्या! माझ्या हातचा भात पहिल्यांदा दूर सारायचा, "गिचका झालाय" म्हणायचं, आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून ताट जवळ ओढायचं.

"बघू नका तिच्याकडे," मी कुजबुजले. "सगळ्यांनी तिकडे बघा!"

आम्ही तिघांनी बाल्कनीकडे तोंडं केली. मनात रामनाम नव्हे, भाताला पाणी किती घातलं होतं त्याचा हिशेब. मामांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि त्यांचा आवाज घरभर घुमला.

"शिवली गं! वाढ आता!"

त्या दिवशी मामांनी पायसम दोनदा मागून घेतलं. आता रोजचा घास मीच नेते. पाच शितं, जास्त नाही, पाणी बिघडतं. बरणीचा विषय मामांनी आजवर काढलेला नाही. अत्तैंनी मात्र सोडलेला नाही. सेलोटेप झाली, व्हिनेगर झालं, सुई झाली. एक केस माझ्या बोटात अजून आहे, आणि ज्या दिवशी भात गिचका होतो त्याच दिवशी तो ठणकतो! हे म्हणतात, योगायोग आहे. ह्यांना काय कळतंय! ह्यांची ती आई होती. सासू माझी होती!